ट्रकच्या हायड्रॉलिक ब्रेक आणि स्टिअरिंगमधला द्रव कुठे जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या हलक्या आणि मध्यम ट्रकांसाठी आहेत. केवळ हवेवर चालणाऱ्या ब्रेकमध्ये द्रव नसतो, त्यामुळे अशा ट्रकच्या चालकांना येथील स्टिअरिंगविषयीचा भागच उपयोगी पडेल. बोलताना आपण ब्रेकमधल्या द्रवालाही सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. पण तो तेल नाही, आणि हा गैरसमज किती महागात पडतो हे पुढे येईलच. म्हणून येथे ब्रेकमधल्या द्रवाला ‘ब्रेक फ्लुइड’ आणि स्टिअरिंगमधल्या द्रवाला ‘स्टिअरिंगचे तेल’ असेच म्हटले आहे.

टाकीतली पातळी खाली गेली की गळती आहे असेच समजावे का?

ब्रेकच्या बाबतीत लगेच तसे समजू नये. स्टिअरिंगच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच समजावे. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसे कॅलिपरमधले (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातले) पिस्टन थोडेथोडे बाहेर सरकतात, त्यांच्यामागे मोकळी झालेली जागा फ्लुइड भरून काढतो आणि तेवढी पातळी टाकीत उतरते. ही उतरण अतिशय सावकाश होते, म्हणून पातळी कमी दिसली की बाटली उघडण्याआधी पॅडची जाडी पाहावी. झिजलेल्या पॅडांवरच टाकी काठोकाठ भरून ठेवली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जातात आणि टाकी उतू जाते. पॅड जाड असताना पातळी उतरली असेल, किंवा एकदा भरल्यावर काही दिवसांतच पुन्हा उतरली असेल, तर गळती आहे.

स्टिअरिंगमध्ये अशी झिजेने वाढणारी जागा नसते. तेल तापले की फुगते आणि थंड झाले की आकसते, एवढाच काय तो निर्दोष फरक. टाकीच्या झाकणाच्या पट्टीवर गरम आणि थंड अशा दोन खुणा असतात त्या यासाठीच. मोजणी प्रत्येक वेळी एकाच स्थितीत घ्यावी: ट्रक सपाट जागी, चाके सरळ, आणि तेल एक तर नेहमी थंड किंवा नेहमी गरम. टाकीवर चिकटपट्टीची खूण करून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले तर ‘कमी होतंय’ या मोघम तक्रारीऐवजी पातळी किती वेगाने उतरते ते कळते, आणि तपासात त्या वेगाचे मोल फार असते.

खाली पडलेला थेंब ब्रेकचा की स्टिअरिंगचा, हे कसे ओळखावे?

रंगावर विसंबू नये. नवा ब्रेक फ्लुइड फिकट पिवळसर असतो पण जुना होत जाईल तसा तपकिरी ते काळपट होतो. स्टिअरिंगमध्ये अनेक ट्रकांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल असते, तेही वापराने तपकिरी पडते, आणि काही ट्रकांत मुळातच दुसऱ्या रंगाचे तेल भरलेले असते. पाण्याची परीक्षा याहून भरवशाची आहे. स्वच्छ पेल्यात पाणी घेऊन त्यात थेंब सोडावा. ब्रेक फ्लुइड पाण्यात मिसळून जातो. तेल वर तरंगते आणि त्याचा तवंग पसरतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या ग्लायकॉलवर आधारित फ्लुइडांना ही परीक्षा लागू पडते. डॉट ५ हा सिलिकोनचा असून तो पाण्यात मिसळत नाही, मात्र ट्रकांत तो क्वचितच असतो.

आणखी एक खूण म्हणजे रंगाचा थर. गळतीच्या वाटेवर चेसिसचा किंवा बूस्टरचा (पेडलावरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचा) रंग फुगून सुटला असेल, तर तेथे ब्रेक फ्लुइड आहे, कारण तो रंग खातो. मागच्या चाकाजवळ ओल असेल तर हब सीलमधून आलेल्या डिफरन्शियलच्या तेलाचीही शक्यता धरावी. त्याचा गंधकासारखा उग्र वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही.

गळतीची नेमकी जागा शोधताना सुरुवात कुठून करावी?

धुण्यापासून. मळ आणि जुन्या तेलाचा लेप असलेल्या भागावर गळती शोधणे म्हणजे निव्वळ अंदाज बांधणे आहे. द्रव खाली ओघळतो आणि धावत्या ट्रकवर वाऱ्याने मागे ढकलला जातो, त्यामुळे सर्वांत ओली जागा ही बहुधा गळतीची जागा नसतेच. भाग स्वच्छ धुऊन, कोरडा करून, इंजिन चालू ठेवून जी जागा सर्वांत वर आणि सर्वांत पुढे पहिल्यांदा ओली होते तिथे मूळ असते. झिरप अगदी बारीक असेल तर कोरड्या भागावर टाल्कम पावडर भुरभुरावी; पहिला ओघळ तिच्यावर गडद रेघ काढतो.

अतिनील दिव्याखाली चमकणारी डाई स्टिअरिंगच्या तेलात फार उपयोगी पडते, पण ती तेलात विरघळणारी असते आणि म्हणूनच ब्रेकच्या टाकीत कधीही घालू नये. ब्रेकसाठी डोळे, कोरडे फडके आणि पेडलावरचा दाब एवढे पुरते.

ब्रेक फ्लुइड कमी होतो, पण बाहेर कुठेच ओल दिसत नाही. हे कसे शक्य आहे?

तपासातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि ‘बाष्प होऊन उडाला असेल’ हे त्याचे उत्तर कधीच नसते. फ्लुइड बाहेर न दिसता जाण्याच्या वाटा मोजक्या आहेत.

पहिली वाट मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पेडल दाबले की फ्लुइडवर दाब आणणाऱ्या सिलिंडरच्या, मागच्या रबराची. ते रबर थकले की फ्लुइड थेट बूस्टरच्या पोटात झिरपतो आणि तिथेच साठत राहतो. मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो नळ्यांना ताण न देता थोडा पुढे घेतला की त्याच्या मागच्या तोंडाशी ओल आहे का ते दिसते. व्हॅक्यूम बूस्टर असेल तर साठलेला फ्लुइड व्हॅक्यूमच्या नळीवाटे पुढे ओढला जाऊ शकतो: पेट्रोल इंजिनात तो जळून सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, आणि डिझेल इंजिनात व्हॅक्यूम पंपाच्या वाटेने तो इंजिन ऑइलपर्यंत पोचू शकतो. म्हणून ती नळी काढून आतून बोट फिरवून पाहावे. ती कोरडीच असायला हवी.

दुसरी वाट क्लचची आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त तपास इथेच चुकतात. अनेक ट्रकांत हायड्रॉलिक क्लचलाही फ्लुइड ब्रेकच्याच टाकीतून मिळतो. त्यामुळे गळती क्लचच्या मास्टर सिलिंडरमधून केबिनमध्ये पेडलाच्या दांड्यावरून मॅटखाली होत असते किंवा बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत बसवलेल्या, क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरमधून होत असते, आणि मेकॅनिक मात्र चारही चाके उघडून बसतो. ओळख सोपी आहे. क्लचचा फाटा टाकीला बहुधा उंचावर जोडलेला असतो, जेणेकरून क्लच गळाला तरी ब्रेकचा वाटा शिल्लक राहावा. पातळी त्या फाट्याच्या तोंडापर्यंत उतरून तिथेच थांबत असेल आणि त्याच वेळी गिअर टाकताना कुरकुर होत असेल, तर ब्रेकला हात लावण्याआधी क्लच पाहावा.

तिसरी वाट ड्रमच्या आत. व्हील सिलिंडरमधून (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या सिलिंडरमधून) झिरपलेला फ्लुइड आधी धूळरोधक रबरी टोपीत साठतो, मग लायनरमध्ये मुरतो, आणि बाहेर दिसेपर्यंत बरेच दिवस जातात. टोपीची कड हलकेच उचलून पाहावी. आत नुसता ओलसरपणा असेल तर लक्ष ठेवावे, फ्लुइड वाहून आला तर सिलिंडर बदलावा. काही ट्रकांत एका चाकाला दोन व्हील सिलिंडर असतात. एक कोरडा सापडला म्हणून दुसरा तसाच सोडू नये.

हवेच्या साहाय्याने हायड्रॉलिक दाब तयार करणारी संयुक्त यंत्रणा असेल तर चौथी वाटही आहे. तिथे हायड्रॉलिक बाजूचे सील खराब झाले की फ्लुइड हवेच्या बाजूला शिरतो, आणि हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाशी त्याची ओल दिसते.

टाकीला दोन कप्पे आहेत आणि त्यांतला एकच उतरतो आहे. याचा काय अर्थ?

याचा अर्थ निम्मे काम झाले. दुहेरी मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, ट्रकांत बहुधा एक पुढच्या आणि एक मागच्या चाकांसाठी, आणि जो कप्पा उतरतो त्या मार्गावरच गळती असते. मात्र मधली भिंत टाकीच्या पूर्ण उंचीची नसते, त्यामुळे पातळी भिंतीच्या वर असेपर्यंत दोन्ही कप्पे बरोबरच उतरतात. टाकी भरून टाकण्याची घाई केली तर हा पुरावा पुसला जातो. भरण्याआधी कोणता कप्पा किती खाली आहे याचा फोटो काढून ठेवावा.

पेडल दाबून धरले की हळूहळू खाली जाते, पण पातळी तसूभरही कमी होत नाही. गळती कुठे आहे?

मास्टर सिलिंडरच्या आत. पिस्टनवरचे रबर झिजले किंवा सिलिंडरच्या भिंतीला गंजाचे खड्डे पडले की दाबाखालचा फ्लुइड रबराला वळसा घालून टाकीकडेच परततो. फ्लुइड यंत्रणेतच राहतो, दाब मात्र जातो. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने अर्धा मिनिट स्थिर दाबून धरावे. ते खाली सरकत राहिले आणि बाहेर गळती नसेल तर मास्टर सिलिंडर बदलायला झाला आहे. पेडल सरकत नसून स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर नळ्यांत हवा आहे.

लांब उतारावरच पेडल मऊ पडत असेल आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होत असेल, तर गळती शोधत बसू नये. ब्रेक फ्लुइड हवेतली आर्द्रता शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ साठी किमान मर्यादा कोरड्या स्थितीत २०५ अंश सेल्सिअस असते, ती ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. तापलेल्या ब्रेकजवळ अशा जुन्या फ्लुइडची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. त्यावर उपाय म्हणजे सगळा फ्लुइड बदलणे.

स्टिअरिंगचे तेल सहसा कुठून गळते?

दाबाच्या बाजूने पाहत जावे. पंप तेलाला १०० बारच्या वर दाब देऊ शकतो, आणि हा दाब कमाल होतो तो चाके पूर्ण वळवलेली असताना. त्यामुळे काही गळत्या सरळ चालवताना अजिबात दिसत नाहीत. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, टोकाला ५ सेकंदांहून अधिक धरू नये, आणि दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून दिवा मारून पाहावे. दाबाच्या होज पाइपची पत्र्याने आवळलेली टोके, स्टिअरिंग बॉक्सच्या वरच्या शाफ्टचे सील, ड्रॉप आर्म (बॉक्सची हालचाल चाकांकडच्या दांड्यांना देणारा हात) बसतो त्या खालच्या शाफ्टचे सील, पंपाच्या शाफ्टचे सील आणि टाकी पंपाला जोडणारी ओ-रिंग या नेहमीच्या जागा आहेत. परतीच्या बाजूला दाब कमी असतो. तिथली गळती बहुधा सैल क्लॅम्प किंवा कडक झालेल्या रबरी नळीची असते आणि थोडक्यात मिटते.

ड्रॉप आर्मच्या शाफ्टचे सील बदलूनही महिन्याभरात पुन्हा गळत असेल, तर दोष नव्या सीलचा क्वचितच असतो. शाफ्टवर गंजाचे खड्डे पडलेले असतात, किंवा बॉक्समधले बेअरिंग झिजून शाफ्ट हलत असतो, आणि हलणाऱ्या शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही. ड्रॉप आर्म धरून शाफ्टला बाजूचा खेळ आहे का, हे सील मागवण्याआधीच पाहावे.

स्टिअरिंगचे तेल कमी होते, जमीन मात्र कोरडी आहे. मग?

इंजिन ऑइलची पातळी पाहावी. अनेक डिझेल इंजिनांवर स्टिअरिंगचा पंप पट्ट्यावर न चालता इंजिनाच्या गिअरवर चालतो, आणि त्याच्या शाफ्टचे सील फुटले की तेल बाहेर न येता थेट इंजिनात जाते. स्टिअरिंगची टाकी उतरते आहे आणि इंजिन ऑइल चढते आहे, असे दिसले तर शंका उरत नाही.

टाकीतून फेसाळ तेल उतू जाते आहे. ही गळती समजायची का?

नाही, ही हवा आहे. पंपाकडे तेल नेणाऱ्या बाजूला क्लॅम्प सैल असेल, नळीला चीर असेल किंवा पातळी फारच खाली गेली असेल, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो, तेल दुधाळ होते, पंप घुरघुरतो आणि फुगलेले तेल झाकणातून बाहेर पडते. ओढण्याच्या बाजूची चीर इंजिन चालू असताना कोरडी दिसते, कारण तिथून तेल बाहेर येत नसून हवा आत जात असते. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबले की तिथे थेंब जमतो.

स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही एकदमच जड झाले. दोन बिघाड एकाच वेळी कसे झाले?

बिघाड बहुधा एकच असतो. ज्या ट्रकांत ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर न चालता स्टिअरिंगच्या पंपाच्या दाबावर चालतो, त्यांत तेल पंपातून बूस्टरमध्ये, तिथून स्टिअरिंग बॉक्समध्ये आणि मग टाकीत परत असे एकाच मार्गाने फिरते. पंपाचा पट्टा तुटला, तेल संपले किंवा दाबाचा होज फुटला की दोन्ही मदती एकदम जातात. इंजिन बंद पडले तरी दोन-तीन वेळा ब्रेक लावता येईल एवढा दाब ॲक्युम्युलेटरमध्ये साठवलेला असतो. काही मध्यम ट्रकांत त्यासाठी विजेच्या मोटरवर चालणारा राखीव पंप असतो. त्यानंतर ब्रेक लागतो, पण केवळ पायाच्या जोरावर.

या रचनेत मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या जोडावर दिसणारी ओल दोघांपैकी कोणाचीही असू शकते: मास्टर सिलिंडरच्या मागच्या रबरातून आलेला ब्रेक फ्लुइड, किंवा बूस्टरच्या पिस्टनच्या सीलमधून आलेले स्टिअरिंगचे तेल. इथे पाण्याच्या पेल्याची परीक्षा करावीच. ती न करता चांगला मास्टर सिलिंडर काढून टाकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. केबिनच्या बाजूला पेडलाच्या दांड्यावर तेल आले असेल तर बूस्टरच्या आत जाणाऱ्या दांड्याचे सील गेले आहे, आणि बूस्टरच्या दोन भागांमधल्या सांध्यावर ओल असेल तर तिथले सील.

बूस्टर काम करतो की नाही हे पाहण्यासाठी इंजिन बंद ठेवून साठलेला दाब संपेपर्यंत पेडल अनेकदा मारावे, मग ते दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली जाऊन पुन्हा पायाला वर ढकलले, तर बूस्टर ठीक आहे.

ब्रेकच्या टाकीत चुकून स्टिअरिंगचे तेल पडले. काढून घेतले तर चालेल का?

चालणार नाही. ब्रेकमधली रबरे खनिज तेल सोसत नाहीत. ती फुगतात, मऊ पडतात आणि सिलिंडरमध्ये अडकतात, त्यामुळे ब्रेक लागून बसू शकतात. टाकीच्या झाकणाखालचे रबर फुगून वाकडे झाले असेल तर तो स्पष्ट पुरावा आहे. ट्रक सुरू न करता आणि पेडलाला पाय न लावता चूक तत्काळ ध्यानात आली, तर टाकी उतरवून ती स्वच्छ करण्यापुरते काम मर्यादित राहू शकते. पेडल दाबले गेले असेल तर मास्टर सिलिंडर, व्हील सिलिंडर, कॅलिपर, होज असे जेथे जेथे रबर आहे ते सगळे बदलणे आणि लोखंडी नळ्या धुऊन काढणे एवढाच मार्ग उरतो. खर्च ऐकून अनेकांना हे अतिरेकी वाटते. पण फुगलेली रबरे पुन्हा पूर्वीसारखी होत नाहीत.

गळती थांबवणारे बाटलीतले औषध टाकावे का?

ब्रेकमध्ये कदापि नाही. स्टिअरिंगमध्ये अशी द्रव्ये कडक झालेले सील तात्पुरते फुगवतात, फुटलेल्या होजला किंवा झिजलेल्या शाफ्टला त्यांचा काहीही उपयोग होत नाही.

गळती शोधताना इजा होण्याचा धोका कशाचा आहे?

सर्वांत मोठा धोका दाबाच्या होजमधल्या बारीक छिद्राचा आहे, आणि त्याविषयी फार कमी लोकांना माहिती असते. सुईइतक्या छिद्रातून उडणारी तेलाची धार हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी क्षुल्लक दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत मात्र ऊती मरत जातात. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. म्हणून दाबाखालच्या होजवरून हात कधीही फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. धार लागल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालयात जाऊन दाबाखालचे तेल आत गेले आहे असे स्पष्ट सांगावे.

ॲक्युम्युलेटर असलेल्या यंत्रणेत कोणताही नट सैल करण्याआधी इंजिन बंद करून पेडल पुन्हापुन्हा मारून साठलेला दाब संपवावा. ॲक्युम्युलेटर स्वतः उघडू नये. त्यात दाबाखालचा वायू भरलेला असतो. ट्रकखाली शिरण्याआधी चाकांना ठोकळे आणि चेसिसखाली स्टँड असावेत, केवळ जॅकवर विसंबू नये.

गळती असताना ट्रक गॅरेजपर्यंत चालवत न्यावा का?

ब्रेकची गळती असेल तर नाही. एक मार्ग रिकामा झाला तरी दुसरा काम करतो हे खरे, पण थांबण्याचे अंतर खूप वाढते आणि भरलेल्या ट्रकला ते परवडत नाही. स्टिअरिंगची झिरप सावकाश असेल, पातळी खुणेच्या आत असेल आणि बूस्टर त्या पंपावर चालत नसेल, तर योग्य तेल सोबत ठेवून जवळचे अंतर जाता येते. तेल गरम एक्झॉस्टवर पडत असेल तर तेवढेही नाही, कारण ते पेट घेऊ शकते.

दुरुस्तीनंतर काय तपासावे?

उघडलेल्या प्रत्येक बँजो बोल्टचे (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे असावेत. फ्लुइडने भिजलेले लायनर किंवा पॅड धुऊन परत वापरू नयेत, आणि ते एक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर ट्रक एका बाजूला ओढतो. ब्रेकमधली हवा निर्मात्याने दिलेल्या क्रमाने काढावी. एबीएस असलेल्या काही ट्रकांत त्यासाठी स्कॅनर लागतो. निपलमधून (हवा काढण्याच्या तोंडातून) निघालेला फ्लुइड पुन्हा टाकीत ओतू नये. स्टिअरिंगमधली हवा काढताना पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश अनेकदा फिरवावे, पातळी भरत राहावी, आणि बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे.

त्यानंतर पेडल जोराने दाबून धरून प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसून पाहावा, टाकीवर नवी खूण करावी, रिकाम्या ट्रकने कमी वेगात फेरी मारून यावे, आणि एक रात्र उभ्या राहिलेल्या ट्रकखाली सकाळी स्वच्छ पुठ्ठा कोरडा निघाला तरच माल भरावा. खुणेवरची पातळी एका आठवड्याने पुन्हा पाहावी, कारण नव्या जोडाची बारीक झिरप एका रात्रीत दिसेलच असे नाही.